दादाचा कच्चा आवाज

मी अकोल्याला एका पतसंस्थेत कॉम्प्युटर विभाग सांभाळते. त्यामुळे असेल, समोरच्यानं कॉम्प्युटरचं नाव काढलं रे काढलं की माझ्या तोंडून प्रश्न निघतो, "बॅकअप आहे का?" हळदीकुंकवाला गेले तरी निघतो. तापानं फणफणले होते तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनाही मी तो विचारलेला आहे. लोक हसून विषय बदलतात आणि काही महिन्यांनी फोन करतात, मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो गेले म्हणून. तेव्हा मला हळहळ वाटायला हवी, पण आधी राग येतो. दादा यावरून माझी फार टिंगल करायचा. म्हणायचा, "बाई, तुले न्यायले यमदूत आला तं त्याले बी इचारशीन तू, बॅकअप हाय काय म्हनून."

म्हणायचा असं लिहिलं, कारण घशाच्या ऑपरेशननंतर त्यानं बोलणं सोडलं होतं.

दादा माझा मोठा भाऊ. अमरावतीला राहतो. त्याचा धंदा आवाजाचा. ऑटोवर भोंगा लावून गावभर जाहिरात फिरते ना, साड्यांचा सेल, सर्कस, कुस्त्यांची दंगल, उद्या नळाला पाणी येणार नाही, त्यातला आवाज कित्येक वर्षं त्याचाच होता. सुरुवातीला तो स्वतः ऑटोत बसून, माइक धरून फिरायचा. वलगावला तर जायचाच, पण कधी कधी जीपनं पार धारणीच्या बाजारापर्यंत. त्या रस्त्यानं भोंग्याचे नट ढिले व्हायचे आणि ह्याचा घसा बसायचा. मग त्यानं घरातली मागची खोली घेतली, भिंतींना गोधड्या ठोकल्या, एक कॉम्प्युटर आणला आणि तिथेच रेकॉर्डिंग करायला लागला. दारावर लाल बत्ती लावली. ती पेटलेली असली की घरात कुणी भांडं आपटायचं नाही. ऑटोवाले सकाळी येऊन पेनड्राइव्ह घेऊन जायचे.

माइकसमोर दादाची भाषा बदलायची. "तमाम नागरिकांना विनम्र आवाहन" असं तो म्हणायला लागला की रस्त्यावरची माणसं थांबायची. शाळेतल्या बाईंनी शाबासकी द्यावी असं बोलणं. आणि बत्ती विझली की हा माणूस परत आमचा. "कावून वं, जेवाले देतं का नाई आज?" वहिनी म्हणायची, "गावाले एक मानूस देल्ला अन् मले दुसरा. माह्यावाला बरा हाय."

पुढे त्याच्या घशात गाठ निघाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा बरीच वर्षं चाललेला, त्यामुळे हे कशानं झालं असं विचारायची कुणाची सोय नव्हती. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. आता तो गळ्याखालच्या भोकातून श्वास घेतो आणि त्यावर धुतलेला पांढरा रुमाल बांधतो. नागपूरच्या दवाखान्यातल्या बाईंनी त्याला बोलायची दुसरी रीत शिकवली होती. हवा गिळायची आणि ती वर येताना तिचे शब्द करायचे. आवाज जाडाभरडा निघतो, पण निघतो. सराव केला तर माणूस पूर्ण वाक्यं बोलतो, असं त्या म्हणाल्या होत्या. दादानं त्यांच्यासमोर करून पाहिलं आणि घरी आल्यावर पाटीवर लिहिलं, "ढेकर देऊन बोलणे मला जमणार नाही." मग ओल्या फडक्यानं पाटी पुसली. विषय संपला.

पाटी वहिनीनंच आणून दिली होती, शाळेतल्या पोरांची असते तशी. तिला काय माहीत की तो पाटीवर माइकवरची भाषा लिहील! "भाजीत मीठ किंचित कमी आहे." "मी जरा बाहेर जाऊन येतो." लिहिलं की लगेच पुसायचं, पुसलेली पाटी उन्हात धरून पाहायची. वहिनी मला फोनवर सांगत होती, "ताई, पाटीवर कोनी सायेबच येऊन बसला हो. काल मले म्हनते, कृपया दार लावून घे. कृपया! लगन झाल्यापासून या मानसानं मले कृपया म्हनलं नोतं." हसत सांगत होती, आणि सांगता सांगता रडायला लागली. तिचं मागणं फार नव्हतं. त्यानं शिकवलेलं करावं, आवाज कसाही निघो, पण घरात बोलावं. मीही त्याला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, नागपूरला परत चल म्हणून हात धरून पाहिला. तो पाटी पुसत राहायचा.

अशातच एक दिवस तिचा फोन आला. दादानं बऱ्याच दिवसांनी कॉम्प्युटर लावला होता आणि त्यातून टकटक आवाज येत होता. मी तिला फोन कॉम्प्युटरच्या डब्याजवळ न्यायला सांगितला. ऐकलं आणि ओळखलं. हार्ड डिस्क मरायला टेकली की अशी आतल्या आत टकटकते.

"बंद करा," मी म्हटलं. "मी शनिवारी येते. तोवर हात लावू नका, दादालाही लावू देऊ नका."

"त्याच्यात त्यायचा आवाज हाय, ताई," वहिनी म्हणाली. "नवा काढून नाई रायले, तं जुना तरी वाचवा."

बॅकअप आहे का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. सख्ख्या भावाच्या घरी बॅकअप नाही आणि मी जगाला शिकवत फिरते.

शनिवारी मी नवी डिस्क आणि एक मोठी बाहेरची डिस्क स्टीलच्या डब्यात कापूस घालून नीट ठेवली आणि निघाले. बडनेरा स्टेशनवर उतरून घरी पोचले तर अंगण झाडलेलं, सडा टाकलेला, पायपुसणंसुद्धा धुतलेलं. दादा दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मागच्या खोलीतल्या गोधड्या ऊन दाखवून परत ठोकल्या होत्या. कॉम्प्युटरची धूळ पुसून वर स्वच्छ टॉवेल घातला होता. आमच्या घरची ही जुनी रीत आहे. परगावाहून कोणी येणार म्हटलं की घर खालपासून वरपर्यंत झाडून निघतं, मग येणारी सख्खी बहीण का असेना. मला बरं वाटलं. म्हटलं, हा अजून कशात तरी मन घालतोय.

मी डिस्कची इमेज घेणार होते; ती म्हणजे काय ते वहिनीला समजावून सांगितलं. साध्या कॉपीत आपण फायली तेवढ्या उचलतो. इमेज घेताना सॉफ्टवेअर अख्ख्या डिस्कची छबी काढतं. त्यात फायली येतात, सगळी सॉफ्टवेअरं येतात, स्क्रीनवर कुठलं चित्र कुठे ठेवलंय तेही येतं. ते सगळं एका मोठ्या फाइलमध्ये बंद करून ठेवायचं आणि नव्या डिस्कवर उतरवायचं, की जुना कॉम्प्युटर होता तसा उभा राहतो. दादाच्या बाबतीत हेच करावं लागणार होतं, कारण त्याचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की आता नव्यानं बसवायला ते मिळतच नाही. "म्हन्जे घर सामानासकट उचलून न्यायचं," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, अगदी तसंच.

पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, म्हणजे आजारी डिस्कवर काही नवीन लिहिलं जात नाही. मग स्क्रीनवरचं मी मोठ्यानं वाचलं, कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं. ऑफिसातले लोक मला यावरून हसतात. पण हे उलटं झालं तर भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क उतरते, आणि मग कोणी हसत नाही. साधारणपणे हे सॉफ्टवेअर डिस्कवर जिथे काही ठेवलेलं आहे तेवढीच जागा उचलतं, रिकामी जागा सोडून देतं. वेळ वाचतो. डिस्क टकटकत होती, तिला कमीत कमी राबवावं म्हणून मीही तसंच घेतलं.

जेवणं होईपर्यंत इमेज पूर्ण झाली. जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवली, नवी बसवली, तिच्यावर इमेज उतरवली आणि कॉम्प्युटर चालू केला. सगळं जागच्या जागी. चिखलदऱ्याला काढलेला वहिनीचा फोटोसुद्धा मागे तसाच, थंडीनं नाक लाल झालेला. दादानं पाटीवर लिहिलं, "उत्तम झाले. आभारी आहे." मी म्हटलं, "बहिणीचे आभार मानतोस, लाज नाही वाटत?" तो हसला. आवाज नसलेलं हसणं मला अजून सवयीचं झालेलं नाही.

मग वहिनी पदराला हात पुसत आत आली आणि खुर्ची ओढून बसली. "आता ते कच्चं लावा," म्हणाली.

दादानं दोन फोल्डर केले होते, पक्कं आणि कच्चं. पक्कं म्हणजे तयार जाहिरात, मागे संगीत, चुका कापलेल्या. कच्चं म्हणजे माइक चालू केल्यापासून बंद करेपर्यंत जे झालं ते सगळं. अडखळणं, खोकणं, परत म्हणणं, मध्येच कुणाशी तरी बोलणं. ते त्यानं वर्षानुवर्षं कधी पुसलं नव्हतं, लागलं तर असावं म्हणून. वहिनीला पक्क्याचं काही नव्हतं. ते तर गावानं ऐकलंय, ती म्हणायची. तिला हवा होता तो घरातला माणूस, आणि तो फक्त कच्च्यात होता.

मी फोल्डर उघडला. रिकामा.

आधी मला वाटलं, इमेज फसली. पक्कं उघडून पाहिलं, सगळं होतं. परत कच्चं पाहिलं, कॉम्प्युटरची कचरापेटी पाहिली, तीही रिकामी. तेवढ्यात दादानं पाटी पुढे केली. "तू येणार म्हणून साफसफाई केली. तो कचरा होता."

मी बंद ठेवा म्हणून बजावलेला कॉम्प्युटर त्यानं पाहुणी येणार म्हणून चालू केला होता आणि अंगण झाडलं तशी डिस्क झाडली होती. तुला नव्या डिस्कवर नेताना ओझं नको, असंही त्यानं खाली बारीक अक्षरात लिहिलं. क्षणभर मला खरंच वाटलं की हा भोळेपणा आहे. मग मी पाहिलं की कधीच्या काळी बंद पडलेल्या दुकानांच्या जाहिराती जशाच्या तशा होत्या. एकच जाहिरात तीन ठिकाणी होती, तीही होती. गेलं होतं ते तेवढंच, जिथे तो स्वतः बोलत होता. मला राग आला आणि मी तो गिळला नाही. "दादा," मी म्हटलं, "पाव्हण्यासाठी घर झाडतात. घरातल्या माणसाला बाहेर काढत नाहीत." त्यानं पाटी पुसली. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मी टेबलावरच्या जुन्या डिस्ककडे पाहत बसले. फाइल पुसली म्हणजे कॉम्प्युटर फक्त तिचं नाव काढून टाकतो आणि जागा रिकामी झाली असं धरून चालतो. आतलं तिथेच पडून असतं, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. दादानं पुसल्यानंतर त्या डिस्कवर जवळजवळ काहीच लिहिलं गेलं नव्हतं. म्हणजे आवाज अजून आत असणार. पण माझ्या इमेजमध्ये तो आलेला नव्हता, कारण सॉफ्टवेअरनं रिकामी समजून तीच जागा सोडली होती. आता परत इमेज घ्यायची तर कणन् कण, रिकाम्या जागेसकट, आणि तीही डिस्कचा जीव असेपर्यंत.

घ्यावी की नाही, याचा मी विचार केला. आवाज त्याचा होता आणि त्यानं तो टाकून दिला होता. दुसऱ्याचा कचरा उकरायचा अधिकार मला कुणी दिला? पण त्या आवाजात दुसऱ्या बाजूला कायम वहिनी होती, जिच्याशी तो बोलत होता ती. अर्धा आवाज तिचाही म्हणायला हवा. मी दादाला सरळ विचारलं. त्यानं लिहिलं, "तुझी मर्जी," आणि झाडांना पाणी घालायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी डिस्क जोडली आणि रिकाम्या जागेसकट सगळं घ्यायच्या चौकोनात खूण केली. टकटक वाढली होती. खराब जागा आली की सॉफ्टवेअर थांबायचं, परत परत वाचून पाहायचं, नाहीच जमलं तर सोडून पुढे जायचं. वहिनी तुरीच्या शेंगा सोलायला तिथेच घेऊन बसली. स्क्रीनवरची पट्टी थोडी पुढे सरकली की तिचे हात चालायचे, थांबली की थांबायचे. दादा बाहेर होता. त्यानं अंगण परत झाडायला घेतलं होतं, जे झाडायची काही गरज नव्हती.

दुपारी उन्हं उतरायला लागली तेव्हा टकटक एकदम थांबली. डिस्क गेली. शेवटचा तुकडा राहिला, बाकी बहुतेक सगळं आलं होतं. मी त्या इमेजची आधी दुसरी प्रत काढली. मग पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर तिच्यावर चालवलं आणि ते एकेक फाइल बाहेर काढायला लागलं. नावं गेली होती, तारखा गेल्या होत्या, नुसते आकडे. काही अर्धवट, काहींत फक्त खरखर. वहिनीनं त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं, कुठल्याही. मी लावला.

"भव्य, भव्य, भव्य! साड्यांचा महासेल! अमरावतीकरांनो, बसस्थानकाच्या प्रवेश... प्रवेशद्वाराशे..." खोकला. "प्रवेशद्वाशे... अरे, जीब हाय का पायतान हाय?" मग तो स्वतःच्याच चुकीवर खो-खो हसला. परत सुरुवात केली. परत तिथेच अडकला. मागून वहिनीचा आवाज आला, तरुण, टोमॅटोचं विचारणारा, "भाजीवाला आला, भेदरं घेऊ काय?" आणि त्याचा, "अवं, लाल बत्ती दिसत नाई काय तुले?" थोडं थांबून, "घे अर्धा किलो. पिकेल नको घेऊ." आणि लगेच, "अमरावतीकरांनो!"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसत होते. मागे पाहिलं तर दादा दारात उभा होता. किती वेळ ते माहीत नाही. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून माझं हसू गेलं. तो आत आला, माझ्या हातातून माउस घेतला, सगळे आकडे निवडले आणि पुसायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की पुसायचं का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

वहिनीनं माउसवर हात ठेवला. टेबलावरची पाटी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"पुसायचं तं पुसा," ती म्हणाली. "आवाज तुमचा हाय. पन लिहून नाई चालनार. तोंडानं म्हना, पूस. म्हना, मंग मी सोता बटन दाबीन अन् पुन्यांदा नाव काढनार नाई."

त्यानं पाटीसाठी हात पुढे केला. तिनं दिली नाही. माझ्याजवळ दुसरी प्रत होती, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी ते सांगितलं नाही. तिला त्या फायली हव्या होत्या, पण ती त्या पणाला लावून दुसरंच काही मागत होती, आणि ते माझ्या कुठल्याही डिस्कवर नव्हतं.

रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यातला दादा परत परत त्या एका शब्दावर आपटत होता, "प्रवेशद्वाराशे... हट्! अजून एकदा." खोकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उठायचा. आमच्यासमोरचा दादा ते ऐकत होता. गावाला वाटायचं हा माणूस एका दमात बोलतो. तसं कधीच नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

त्यानं तोंड मिटलं आणि हवा गिळली. रुमाल हलला. काही आलं नाही, नुसता घशात खट्ट आवाज. वहिनी माउस धरून त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं परत गिळली. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आतून, खूप खालून, काहीतरी वर आलं.

"राऊ... दे."

खोटं कशाला लिहू, तो आवाज भयंकर होता. फरशीवरून पोतं ओढावं तसा. मी हमसून रडायला लागले.

वहिनी रडली नाही. तिनं 'नाही' दाबलं, रेकॉर्डिंग थांबवलं आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"नीट नाई आलं," ती म्हणाली. "अजून एकदा म्हना."

दादानं रुमाल सारखा केला, हवा गिळली आणि परत म्हटलं.